प्रश्नावली, कामगार आणि आकड्यांची कसोटी : संख्याशास्त्रीय चाचण्यांचा शतकभराचा प्रवास

२९ जून हा प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा जन्मदिवस. २००७ पासून तो देशभर सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. जून-जुलैच्या याच दिवसांत देशातील व्यवस्थापन, वाणिज्य, मानसशास्त्र आणि समाजकार्य या शाखांच्या महाविद्यालयांत नव्या प्रकल्पांची जुळवाजुळव सुरू होते. ‘कर्मचाऱ्यांचे कार्यसमाधान’, ‘रात्रपाळी आणि ताण’, ‘घरून काम आणि कार्यक्षमता’ असे विषय निवडले जातात. पाच पर्यायांची प्रश्नावली तयार होते, ती मोबाइलवरून फिरवली जाते आणि शंभर-दोनशे उत्तरे हाती येतात. मग संगणकाच्या पडद्यावर चाचण्यांची यादी उघडते : काय-वर्ग, टी-चाचणी, मान-व्हिटनी, क्रुस्कल-वॉलिस. एक कळ दाबली की पी-मूल्य मिळते. ते ०.०५ पेक्षा कमी असेल तर ‘फरक लक्षणीय आहे’ हे वाक्य अहवालात उतरते आणि प्रकल्प पूर्ण होतो.

या यादीतील प्रत्येक नावामागे एक माणूस, एक कामाची जागा आणि एक नेमकी अडचण आहे. यांतील कोणतीही चाचणी ‘सर्व प्रकारच्या प्रश्नावलींसाठी’ म्हणून जन्माला आली नव्हती. ती कोणत्या अडचणीवर उतारा म्हणून आली आणि कोणत्या अटींवर लागू पडते, हे तिच्या इतिहासातच स्पष्ट दिसते. तो इतिहास विसरला गेला की कामगारांच्या आयुष्याविषयी चुकीची विधाने मोठ्या आत्मविश्वासाने केली जातात. अशा विधानांवर पाळ्या ठरतात, पगार ठरतात, कधी नोकऱ्याही ठरतात.

चौकटींचे कोष्टक आणि एक कडवट वाद

‘रात्रपाळीतील कर्मचारी दिवसपाळीतील कर्मचाऱ्यांपेक्षा कमी समाधानी आहेत का?’ या प्रश्नाला बहुतेक विद्यार्थी काय-वर्ग चाचणी लावतात. ती कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली. प्रत्यक्ष मिळालेल्या संख्या आणि ‘काहीच संबंध नसता तर’ अपेक्षित असलेल्या संख्या यांतील तफावत एका आकड्यात गोळा करायची आणि निव्वळ योगायोगाने एवढी तफावत कितपत संभवते ते पाहायचे, अशी तिची कल्पना. कल्पना अतिशय समर्थ होती. तिच्या वापरात मात्र एक गंभीर चूक राहून गेली होती.

समजा, एका कारखान्यात दिवसपाळीतील ५० आणि रात्रपाळीतील ५० कर्मचाऱ्यांना विचारले. दिवसपाळीत ३२ जण समाधानी निघाले, रात्रपाळीत २२. एकूण समाधानी ५४ आणि असमाधानी ४६. पाळीचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक पाळीत २७ समाधानी आणि २३ असमाधानी अपेक्षित होते. चारही चौकटींत तफावत ५ ची आहे. तिचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागले आणि चारही उत्तरांची बेरीज केली की काय-वर्गाचे मूल्य सुमारे ४.०३ येते.

हे मूल्य मोठे की लहान, हे ‘स्वातंत्र्यमात्रा’ ठरवते. पिअर्सन यांच्या रीतीने दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या कोष्टकाला ३ स्वातंत्र्यमात्रा मिळत. त्या हिशेबाने पाच टक्क्यांची सीमा ७.८१ येते आणि ४.०३ हे मूल्य अगदीच किरकोळ ठरते. मेजर ग्रीनवूड आणि उडनी यूल यांना १९१५ मध्येच एक विसंगती जाणवली होती : दोन प्रमाणांची थेट तुलना केली तर एक उत्तर येते आणि काय-वर्गाने केली तर दुसरे. १९२२ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी गाठ सोडवली. ओळींच्या व स्तंभांच्या बेरजा एकदा ठरल्या की अशा कोष्टकात केवळ एकच चौकट मोकळी राहते. उरलेल्या तिन्ही आपोआप भरतात. म्हणून स्वातंत्र्यमात्रा एकच, आणि सीमा ३.८४. याच आकड्यांनी आता ‘लक्षणीय’ फरक दिसू लागतो.

पिअर्सन यांनी ही दुरुस्ती मानली नाही. पवनचक्क्यांवर चाल करून जाणाऱ्या डॉन किहोते या विक्षिप्त सरदाराशी त्यांनी फिशर यांची छापील तुलना केली. पुढे १९२६ मध्ये फिशर यांनी जो पुरावा पुढे केला तो पिअर्सन यांच्या घरातलाच होता. त्यांचे पुत्र ईगॉन यांनी वेगळ्याच हेतूने सुमारे बारा हजार कोष्टके तयार केली होती. फिशर यांनी त्यांतील काय-वर्गांची सरासरी काढली. पिअर्सन बरोबर असते तर ती तीनच्या आसपास यायला हवी होती; ती जवळजवळ अचूक एक आली.

गोष्ट इथेही संपत नाही. फ्रँक येट्स यांनी १९३४ मध्ये लहान संख्यांसाठी एक दुरुस्ती सुचवली, ती आजही संगणकात दिसते. वरच्या उदाहरणाला ती लावली तर ४.०३ चे ३.२६ होते आणि ‘लक्षणीय’ फरक पुन्हा नाहीसा होतो. एकच कारखाना, तेच शंभर कर्मचारी, तीच उत्तरे आणि तीन निकाल! विद्यार्थ्याने यातून घ्यायचा बोध साधा आहे. दोन पाळ्यांतील फरक २० टक्क्यांचा आहे आणि नमुना एवढा लहान आहे की खरा फरक जेमतेम १ टक्क्यापासून ३९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. हे एक वाक्य ‘लक्षणीय’ किंवा ‘लक्षणीय नाही’ या शिक्क्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे आणि व्यवस्थापनाला व कामगारांना अधिक उपयोगी आहे.

मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील ‘विद्यार्थी’

टी-चाचणीचा जन्म तर कामाच्या जागीच झाला. विल्यम गॉसेट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत रुजू झाले. सातू आणि हॉप्स यांच्या प्रतीविषयी निर्णय घ्यायचे तर प्रयोग खर्चिक, वेळखाऊ, आणि हाती निरीक्षणे मोजकीच. त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांचे होते. चार-पाच निरीक्षणांवरून किती खात्रीने बोलावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

गॉसेट १९०६-०७ मध्ये लंडनला पिअर्सन यांच्याकडे शिकण्यास गेले आणि १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आपले सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी तीन हजार कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ही मोजमापे घेतली, ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली, तुकडे पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने पाडले. संगणकावर आज क्षणात होणारे काम त्यांनी हाताने केले. कंपनीच्या नियमामुळे स्वतःचे नाव छापता येत नव्हते, म्हणून त्यांनी ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी, हे टोपणनाव घेतले. ‘स्टुडंटची टी-चाचणी’ या नावातला ‘स्टुडंट’ तो हाच.

या इतिहासात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. गॉसेट यांचे आकडे मोजमापाचे होते : उंची, वजन, उतारा. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशी उत्तरे त्यांच्यासमोर नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचे प्रत्येक निरीक्षण इतरांपासून स्वतंत्र होते. पिसलेल्या तुकड्यांपैकी एक दुसऱ्याचा सहकारी नसतो आणि दोघांचा साहेबही एक नसतो. कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे तसे नाही.

नागपूरची भेट आणि कोलकात्याची प्रयोगशाळा

‘बायोमेट्रिका’चे खंड भारतात आले ते एका योगायोगाने. केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९१५ मध्ये मायदेशी परतण्याच्या तयारीत असलेल्या महालनोबीस यांचे लक्ष किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयात एका अध्यापकांनी या नियतकालिकाकडे वेधले. त्यांनी उपलब्ध खंड विकत घेतले आणि बोटीवरच वाचायला सुरुवात केली. १९२० मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले, तिथे त्यांची गाठ प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनँडेल यांच्याशी पडली. ॲनँडेल यांच्यापाशी कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांची शारीरिक मोजमापे पडून होती. ती तपासण्याचे काम महालनोबीस यांनी स्वीकारले. १९२२ चा त्यांचा पहिला संख्याशास्त्रीय निबंध त्यातून आला आणि पुढे दोन समूहांतील ‘अंतर’ मोजण्याचे जे सूत्र जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचे बीजही याच कामात होते. डिसेंबर १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना झाली. पहिल्या वर्षाचा खर्च होता अवघा २३८ रुपये.

तागाच्या पिकाच्या पाहणीचे काम १९३७ मध्ये सुरू झाले आणि महालनोबीस यांना एक जुनी शंका पुन्हा भेडसावू लागली : माहिती गोळा करणारा माणूसच चुकला तर? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा आजच्या कोणत्याही प्रकल्पाला उपयोगी पडेल असा आहे. एकाच भागातून दोन किंवा अधिक नमुने स्वतंत्रपणे निवडायचे, ते एकमेकांत मिसळलेले असावेत आणि प्रत्येक नमुना वेगळ्या प्रगणकाकडे सोपवावा. दोघांचे निष्कर्ष जुळले तर उत्तम. न जुळले तर तफावतीचा काही भाग प्रगणकाचा आहे हे उघड होते, आणि तो किती हेही मोजता येते. कोलकात्याजवळच्या जगद्दल या गिरणीवस्तीत कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी झाली तेव्हाही ही पद्धत वापरली गेली. प्रश्न विचारणारा बदलला की उत्तर बदलते, हे तिथे अनुमान राहिले नाही. ते मोजता येण्याजोगे झाले.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात ही कसोटी जवळपास कधीच दिसत नाही, आणि तिला खर्च तर काहीच नाही. दोन विद्यार्थी मिळून प्रकल्प करत असतील तर उत्तरदात्यांची नावे चिठ्ठ्या टाकून दोघांत वाटावीत आणि शेवटी दोघांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवावेत. एकाला कामगार समाधानी आढळले आणि दुसऱ्याला नाराज, तर पुढच्या साऱ्या चाचण्या थांबवून प्रश्नावलीकडे परत जावे.

याच काळात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीक-पाहणीचे काम पाहत होते. कापणीसाठी निवडलेला तुकडा फार लहान असेल तर कडेची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी दाखवून दिले. महालनोबीस यांच्या पद्धतीतील लहान तुकड्यांवरून दोघांत तीव्र मतभेद झाले. वाद शेतीचा होता, पण त्यातले तत्त्व सर्वत्र लागू पडते. मोजण्याच्या रीतीतच कल असेल तर नमुना कितीही वाढवला तरी तो कल कमी होत नाही. चुकीच्या उत्तराविषयीची खात्री तेवढी वाढते. कंपनीच्या मनुष्यबळ विभागामार्फत वाटलेल्या प्रश्नावलीला पाचशे उत्तरे आली म्हणून ती निर्भय ठरत नाहीत.

तुरुंगाची शिधापत्रिका

प्रत्येक महत्त्वाच्या निष्कर्षाला चाचणीची गरज असतेच असे नाही, याचे उदाहरण मुंबईत आहे. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झाले आणि शहरातील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी त्याने हाती घेतली. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली तयार झालेला अहवाल १९२३ मध्ये निघाला. त्यात कामगाराच्या आहारातील धान्याची तुलना दोन सरकारी मापांशी केली होती : दुष्काळी कामावरील मजुरांसाठी ठरलेला शिधा आणि तुरुंगातील कैद्यांसाठी ठरलेला शिधा. गिरणी कामगाराचे धान्य दुष्काळी नियमांतील कमाल शिध्याइतके होते, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतील शिध्यापेक्षा कमी.

या वाक्याला पी-मूल्य नाही. त्याची ताकद आहे ती तुलनेचे माप विचारपूर्वक निवडण्यात. पुढच्या काळात कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हा निष्कर्ष वारंवार उद्धृत केला. प्रकल्प करणाऱ्याने चाचणी निवडण्याआधी स्वतःला विचारावा असा प्रश्न इथे सापडतो : या आकड्याची तुलना कशाशी केली तर तो बोलू लागेल?

पाच पर्यायांचे गणित

प्रश्नावलीतील ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ ही पाच पायऱ्यांची शिडी रेन्सिस लायकर्ट यांची. १९३२ मध्ये त्यांनी ती आपल्या डॉक्टरेटच्या कामातून मांडली. त्यांचे मार्गदर्शक गार्डनर मर्फी हे पुढे १९५० मध्ये युनेस्कोमार्फत भारतात आले आणि फाळणीनंतरच्या सामाजिक तणावांच्या अभ्यासात भारतीय मानसशास्त्रज्ञांबरोबर काम करून गेले.

लायकर्ट यांनी एका सुट्या प्रश्नाला मापनपट्टी म्हटले नव्हते. एकाच मनोवृत्तीविषयी अनेक विधाने, त्यांच्या उत्तरांची बेरीज, आणि जी विधाने बाकीच्यांशी जुळत नाहीत ती गाळणे, असा त्यांचा क्रम होता. ही विधाने एकमेकांशी कितपत सुसंगत आहेत हे पाहण्यासाठी ली क्रॉनबाख यांचा ‘अल्फा’ १९५१ मध्ये आला. आजच्या प्रकल्पांत मात्र ‘तुमच्या वरिष्ठांविषयी तुम्ही समाधानी आहात का?’ या एकाच प्रश्नाची सरासरी ३.४२ अशी दोन दशांश स्थळांपर्यंत काढली जाते.

१९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांनी ‘सायन्स’मध्ये मोजमापांच्या पातळ्यांची वर्गवारी मांडली. तिच्यानुसार ‘सहमत’ आणि ‘पूर्णतः सहमत’ यांत क्रम निश्चित आहे, पण त्यांतील अंतर ‘तटस्थ’ आणि ‘सहमत’ यांतील अंतराएवढेच आहे असे म्हणता येत नाही. क्रमावर चालणाऱ्या चाचण्या त्याच सुमारास तयार झाल्या. रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरण्याची सोपी रीत सुचवली; हेन्री मान आणि डोनाल्ड व्हिटनी यांनी १९४७ मध्ये तिला व्यापक गणिती पाया दिला; विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस यांनी १९५२ मध्ये ती दोनापेक्षा अधिक गटांपर्यंत नेली. एका सुट्या प्रश्नाच्या उत्तरांसाठी मान-व्हिटनी, आणि अनेक प्रश्नांच्या सुसंगत बेरजेसाठी बहुतेक वेळा टी-चाचणी, ही विभागणी आजही व्यवहारात चालते. याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. विद्यार्थ्याने कोणतीही बाजू घ्यावी. ती का घेतली हे मात्र लिहावे.

हॉथॉर्नच्या पाच स्त्रिया

कामाच्या जागेवरील अभ्यासांत सर्वांत प्रसिद्ध आहेत ते शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोग. १९२४ ते १९२७ या काळात दिव्यांचा प्रकाश कमी-अधिक करून उत्पादनावरील परिणाम पाहिला गेला. एप्रिल १९२७ पासून रिले जोडणाऱ्या पाच स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांती, कामाचे तास आणि मोबदल्याची पद्धत यांत बदल करण्यात आले. १९२८ ते १९३० मध्ये वीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मुलाखती झाल्या. मुलाखतकार आधी ठरीव प्रश्न विचारत; लोक प्रश्न सोडून आपल्या मनातले बोलतात हे दिसल्यावर त्यांनी ऐकण्यावर भर दिला. सर्वेक्षणाच्या इतिहासातील हा एक मोलाचा धडा.

निष्कर्ष जगभर पसरला : लक्ष दिले की माणसे जास्त काम करतात, पगार आणि विश्रांती दुय्यम. व्यवस्थापनशास्त्राची एक संपूर्ण शाखा त्यावर उभी राहिली. पण पाच स्त्रियांपैकी दोघींना जानेवारी १९२८ मध्ये काढून त्यांच्या जागी अधिक वेगाने काम करणाऱ्या दोघी आणल्या होत्या. खोलीतील मोबदलाही छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडला गेला होता. या आकडेवारीचे पहिले तपशीलवार संख्याशास्त्रीय विश्लेषण प्रसिद्ध व्हायला १९७८ उजाडले. रिचर्ड फ्रँके आणि जेम्स कौल यांनी दाखवले की उत्पादनातील बदलांचा मोठा भाग व्यवस्थापनाची शिस्त, आर्थिक मंदी आणि विश्रांतीची वेळ यांनी स्पष्ट होतो. प्रकाशाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी हरवली असेच मानले जात होते. ती सापडल्यावर स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी २०११ मध्ये तिची तपासणी केली. दिवे बदलले जात ते कारखाना बंद असलेल्या रविवारी, त्यामुळे वाढ दिसे ती सोमवारी. आणि दिवे न बदलतादेखील सोमवारी उत्पादन वाढतच असे.

पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांनी जे शिकवले त्याला नियंत्रणगटाचा एक साधा प्रश्न पुरेसा होता : काहीच बदलले नसते तर काय झाले असते?

भारतालाही या परंपरेचा स्पर्श झाला. गुणवत्ता नियंत्रणाचे जनक वॉल्टर शूहार्ट यांची कारकीर्द याच हॉथॉर्नमध्ये सुरू झाली होती. ते १९४७-४८ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात आले. १९४७ मध्ये विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने अहमदाबादच्या कापडगिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी राहिली आणि तिथे कमला चौधरी यांनी गिरणी कामगारांच्या मानसशास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांनी कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांवर विस्कळीतपणे काम करणाऱ्या कामगारांचे लहान, स्वयंपूर्ण गट करून पाहिले. उत्पादन वाढले, कापडातील दोष घटले. ‘अहमदाबाद प्रयोग’ जगभर गाजला. मात्र गटरचनेबरोबर मोबदल्याची पद्धतही बदलली होती. म्हणून वाढीचे श्रेय गटाला द्यावे की पैशाला, असा प्रश्न पुढे भारतीय अभ्यासकांनी उपस्थित केला. सत्तरच्या दशकातील पुनर्पाहणीत बहुतेक ठिकाणी ही गटपद्धत विरून गेल्याचे आढळले.

दोन्ही प्रयोगांत आणखी एक समान अडचण होती. एका खोलीत, एका मुकादमाखाली काम करणारी माणसे एकमेकांना सावरतात, चिथावतात, एकमेकांच्या वेगाने चालतात. त्यांची उत्तरे गॉसेट यांच्या पिसलेल्या तुकड्यांसारखी सुटी नसतात. चार विभागांतील दोनशे कर्मचारी म्हणजे चाचणीच्या दृष्टीने दोनशे स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. कधी कधी ते जेमतेम चारच असतात. म्हणून विभागवार सरासऱ्या वेगळ्या मांडणे हे किमान कर्तव्य ठरते.

०.०५ ची सवय

पाच टक्क्यांची सीमा रूढ झाली ती फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे. त्यांना ती सोयीची वाटली, एवढेच. एखादा परिणाम पुन्हा पुन्हा प्रयोग करून टिकतो का, याला ते अधिक महत्त्व देत. जर्झी नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये निर्णयाचा कठोर साचा दिला. पुढे पाठ्यपुस्तकांनी दोन्ही विचार एकत्र कालवले आणि त्यातून आजचा यांत्रिक विधी तयार झाला. २०१६ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघटनेला जाहीर निवेदन काढून सांगावे लागले की पी-मूल्य हे गृहीतक खरे असण्याची शक्यता सांगत नाही आणि परिणाम किती मोठा आहे हेही सांगत नाही.

प्रश्नावलीत वीस प्रश्न असतील आणि प्रत्येकावर स्त्री-पुरुष तुलना केली, तर कुठेही खरा फरक नसताना किमान एका ठिकाणी ‘लक्षणीय’ फरक सापडण्याची शक्यता, वीस प्रश्न परस्परांपासून स्वतंत्र असल्यास, सुमारे ६४ टक्के असते. अहवालात केवळ तोच एक फरक छापला गेला तर वाचकाला उरलेल्या एकोणीस तुलनांचा पत्ताही लागत नाही.

आजचा विद्यार्थी आणि उद्याचा निर्णय

१९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या परंपरेतून आज देशाची आवर्ती श्रमशक्ती पाहणी चालते. २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि २०२५ पासून तिचे मासिक अंदाजही प्रसिद्ध होऊ लागले. कोण कामावर आहे, कोण काम शोधत आहे, याविषयीची देशाची चर्चा तिच्या आकड्यांवर चालते. तिथे घरे निवडण्याची रीत आधी ठरते आणि प्रश्न नंतर विचारले जातात. महाविद्यालयीन प्रकल्पात क्रम बहुधा उलटा असतो : मित्रांच्या गटांतून फिरलेल्या दुव्यावर जे उत्तर देतील तेच ‘कर्मचारीवर्ग’ ठरतात.

एवढ्याने असे प्रकल्प निरर्थक ठरत नाहीत. अडीचशे जणांना प्रश्नावली पाठवली आणि नव्वदांनी उत्तर दिले, हे लिहिणारा अहवाल विश्वासार्ह होतो. किती तुलना केल्या हे सांगणारा, फरकाबरोबर त्याची खालची-वरची मर्यादा देणारा, आणि ‘या कार्यालयात, या महिन्यात’ एवढ्यापुरतेच बोलणारा अहवाल लहान असूनही खरा असतो. आणि पाच जणांच्या विभागातील एकमेव स्त्रीची उत्तरे वेगळ्या ओळीत छापली तर नाव न लिहिताही ती ओळखली जाते. तिने विश्वासाने दिलेले उत्तर तिच्याच वरिष्ठांच्या हाती पडू नये, ही काळजी कोणतीही चाचणी घेत नाही. ती विद्यार्थ्यालाच घ्यावी लागते.

गॉसेट यांनी चार निरीक्षणांवरून किती बोलावे याची मर्यादा शोधली. महालनोबीस यांनी आपल्याच प्रगणकांवर शंका घेण्याची शिस्त घालून दिली. हॉथॉर्नच्या पाच स्त्रियांना मात्र पन्नास वर्षे कोणी नीट मोजले नाही. त्यांच्या नावावर सिद्धान्त तेवढे उभे राहिले. यंदाच्या प्रकल्पासाठी जो कर्मचारी आपल्या जेवणाच्या सुट्टीतील दहा मिनिटे देऊन प्रश्नावली भरेल, त्याला त्या पाच जणींपेक्षा अधिक काळजीपूर्वक मोजले जाईल का, हे त्या प्रकल्पाच्या पानांवरच ठरणार आहे.

#सांख्यिकी_दिन #विज्ञानाचा_इतिहास #संख्याशास्त्र #विद्यार्थी_प्रकल्प